फोटॉनची धर्मशाळा : क्वांटम संदेशवहनात प्रकाश साठवणे आणि परत मिळवणे

प्रभाकिरण (धागालेखक)

क्वांटम संदेशवहनाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात उपग्रह, न फुटणारी सांकेतिक किल्ली आणि सरकारी योजना यांचा उल्लेख वारंवार येतो. पण ज्या उपकरणावाचून हे सारे काही शेकडो किलोमीटरांपुढे अडून बसते, त्या प्रकाशीय स्मृतीबद्दल सविस्तर लिहिलेले मला फारसे आढळले नाही. मी पाच वर्षे रुबिडियम या धातूच्या बाष्पात प्रकाशाचे स्पंद साठवण्याचे काम केले आहे. हा विषय सामान्य वाचकापर्यंत पोहोचावा अशी मनापासून इच्छा असल्यामुळे हा धागा काढत आहे.

अडचण फायबरपासून सुरू होते. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश काचेच्या फायबरमध्ये सर्वांत कमी क्षीण होतो, तरीही दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल घट होतेच. याचा अर्थ १०० किमी अंतरावर शंभरातला एक फोटॉन पोहोचतो, २०० किमीवर दहा हजारांतला एक आणि ५०० किमीवर हजार कोटींतला एक. नेहमीच्या दूरसंचारात वाटेत वर्धक बसवून क्षीण झालेला संकेत पुन्हा मोठा करता येतो. क्वांटम संदेशात मात्र माहिती एकेका फोटॉनच्या अवस्थेवर लिहिलेली असते, आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही हे वूटर्स आणि झुरेक यांनी १९८२ साली, तर डीक्स यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे सिद्ध केले. नक्कलच करता येत नसेल तर संकेत मोठा करणार कसा?

यावरचा मार्ग ब्रीगल, ड्यूर, सिराक आणि त्सोलर यांनी १९९८ साली सुचवला. लांब अंतराचे छोटे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांमध्ये क्वांटम गुंफण, म्हणजे ज्याला एंटँगलमेंट म्हणतात ती (दोन दूरच्या कणांच्या अवस्था एकमेकींशी बांधल्या जाणे), निर्माण करायची आणि मग शेजारशेजारच्या टप्प्यांची सांधणी करत जायचे. असे केले की शेवटी दोन दूरची टोके एकमेकांशी गुंफली जातात आणि कोणताही फोटॉन संपूर्ण अंतर चालून गेलेला नसतो. मात्र सगळे टप्पे एकाच क्षणी जुळत नाहीत. जो टप्पा आधी जुळला, त्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागते आणि वाट पाहताना आपली अवस्था जशीच्या तशी सांभाळावी लागते. वाट पाहण्याची ही सोय म्हणजेच क्वांटम मेमरी.

मेमरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हार्ड डिस्क येते, जिथे गोष्टी वर्षानुवर्षे पडून राहतात. ही स्मृती मला वाटेवरच्या जुन्या धर्मशाळेसारखी वाटते. वाटसरू येतो, त्याचे नाव-गाव कोणी विचारत नाही, सोबती आला की दोघे पुढे निघतात. नाव-गाव न विचारणे ही इथे नुसती सभ्यता नाही, ती अट आहे. कारण साठवलेली अवस्था कोणी मोजली तर ती मोडते.

आता प्रकाश थांबतो कसा ते सांगतो. रुबिडियम-८७ या अणूला तळाशी एकमेकींपासून ६.८ गिगाहर्ट्झ अंतरावर असलेल्या दोन ऊर्जापातळ्या असतात आणि वर एक उत्तेजित पातळी असते. ७९५ नॅनोमीटरचा संकेत-प्रकाश एकटाच बाष्पात शिरला तर शोषला जातो. त्याच वेळी दुसऱ्या पातळीवरून वर जाणारा नियंत्रक लेझर चालू ठेवला, तर उत्तेजित पातळीकडे जाणारे दोन मार्ग एकमेकांना खोडतात आणि तेच बाष्प संकेतापुरते पारदर्शक होते. हा परिणाम हॅरिस यांच्या गटाने १९९१ साली स्ट्राँशियमच्या बाष्पात दाखवला. पारदर्शकतेची ही खिडकी अतिशय अरुंद असते, तिच्यात अपवर्तनांक झपाट्याने बदलतो आणि त्यामुळे स्पंदाचा वेग विलक्षण घटतो. लेने हाउ यांच्या गटाने १९९९ साली अतिथंड सोडियममध्ये तो सेकंदाला १७ मीटरपर्यंत खाली आणला होता.

वेग घटण्याचा खरा उपयोग असा की स्पंद आखडतो. एक मायक्रोसेकंदाचा स्पंद मोकळ्या हवेत ३०० मीटर लांब असतो. तो ३ सेंटिमीटरच्या काचनळीत मावायचा असेल तर त्याला दहा हजारपट आखडावे लागते. स्पंद आत मावला की नियंत्रक लेझर हळूच मालवायचा. त्या क्षणी प्रकाश प्रकाश म्हणून उरत नाही. त्याची उंची आणि त्याची कला, म्हणजे फेज, ही अणूंच्या तळच्या दोन पातळ्यांमधील नात्यात एक लाट बनून राहते. नियंत्रक पुन्हा लावला की त्या लाटेतून तोच स्पंद त्याच दिशेने बाहेर पडतो. २००१ साली अमेरिकेतील केंब्रिज या एकाच गावातल्या दोन गटांनी हे करून दाखवले. हाउ यांच्या गटाने थंड सोडियम वापरला होता, तर फिलिप्स, फ्लाइशहाउअर, मायर, वॉल्सवर्थ आणि लुकिन यांनी उबदार रुबिडियमचे बाष्प वापरले होते. साठवणीचा काळ दोन्हीकडे एका मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी होता.

हे प्रत्यक्षात दिसायला फार साधे असते. अंगठ्याएवढी काचेची नळी, तिच्या कडेला रुबिडियमचा चंदेरी ठिपका, भोवती तापवण्याची तार आणि त्यावर बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटल या मिश्रधातूची एकात एक बसणारी तीन नळकांडी. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आधी एक छोटा उंचवटा दिसतो. तो आत न मावलेला, निसटून गेलेला प्रकाश. मग सपाट रेषा. आणि नियंत्रक लावताच दुसरा उंचवटा उभा राहतो. तो दुसरा उंचवटा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सपाट रेषेची लांबी वाढवत वाढवत तो कुठवर टिकतो हे पाहण्यात माझी सबंध रात्र गेली होती.

प्रश्नांचे स्वागत आहे.

---

तारायंत्र

प्रभाकिरण साहेब, लेख दोनदा वाचला. मी दूरसंचार खात्यात फायबरच्या देखभालीत नोकरी केली असून आता निवृत्त आहे. आमच्या मार्गांवर एर्बियमचे वर्धक असत, आणि ते प्रकाशाचे विजेत रूपांतर न करता थेट प्रकाशच वाढवत. तिथे तर कोणी काही वाचत नाही, मग क्वांटम संकेताला ते का चालत नाहीत? दुसरी शंका अशी की फोटॉनला नुसते थांबवायचेच असेल, तर फायबरचे मोठे वेटोळे करून त्यात फिरत ठेवणे सोपे नाही का? आमच्या चाचणीच्या खोलीत पंचवीस-पंचवीस किलोमीटरांची रिळे सहज पडलेली असत.

---

प्रभाकिरण

तारायंत्र साहेब, दोन्ही शंका अगदी मर्मावर बोट ठेवणाऱ्या आहेत.

एर्बियमचा वर्धक आत आलेल्या फोटॉनसारखे आणखी फोटॉन निर्माण करतो, पण त्याच वेळी तो स्वतःहूनही फोटॉन सोडतो. संकेतात लाखो फोटॉन असतील तर ही भर म्हणजे थोडासा गोंगाट असतो आणि आपण त्याकडे दुर्लक्ष करू शकता. आत एकच फोटॉन आला असेल तर बाहेर आलेल्यांपैकी मूळचा कोणता आणि वर्धकाने घातलेला कोणता, हे ठरवण्याचा मार्गच उरत नाही. नक्कल न होण्याचा नियम तिथे गोंगाटाच्या रूपाने आपले अस्तित्व दाखवतो.

वेटोळ्याचा मार्ग काही मायक्रोसेकंदांपुरता खरोखर वापरला जातो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. पंधरा किलोमीटरांच्या रिळात फोटॉन ७५ मायक्रोसेकंद राहील आणि तेवढ्यात निम्मे फोटॉन नाहीसे होतील. एक मिलिसेकंद हवा असेल तर २०० किमीचे रीळ लागेल आणि दहा हजारांतला एकच वाचेल. शिवाय रिळातून फोटॉन केव्हा बाहेर यावा हे आधीच ठरलेले असते. सोबती आला की निघायचे, ही मुभा त्यात नसते, आणि आपल्याला तीच तर हवी आहे.

---

गणिती

वाट पाहण्याच्या या सोयीने नेमका किती फरक पडतो, हे आकड्यांत मांडून पाहावे असे वाटले. उपकरणे निर्दोष आहेत आणि घट फक्त फायबरमध्ये होते असे गृहीत धरले आहे.

१०० किमीचा एक टप्पा घेतला तर यशाची शक्यता शंभरात एक. दोन टप्पे आहेत आणि स्मृती नाही, तर दोन्ही एकाच प्रयत्नात जुळायला हवेत; त्यासाठी सरासरी १०,००० प्रयत्न लागतील. स्मृती असेल तर जो आधी जुळला तो थांबतो आणि दुसरा आपले प्रयत्न चालू ठेवतो. तेव्हा सरासरी फक्त १५० प्रयत्न पुरतात. आठ टप्पे, म्हणजे ८०० किमी घेतले, तर स्मृतीविना लागणारे प्रयत्न एकावर सोळा शून्ये इतके होतात आणि स्मृती असल्यास सुमारे २७१. दोन टप्प्यांच्या दीडशेवरून आठांना २७१ हा जो फरक आहे, तो पाहून मी थक्क झालो. अंतर चौपट झाले आणि प्रयत्न दुप्पटही झाले नाहीत.

पण हिशेब इथेच थांबवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टप्पा जुळला की नाही हे कळायला निरोप यावा लागतो, आणि १०० किमीला अर्धा मिलिसेकंद धरला तर सेकंदाला फक्त २,००० प्रयत्न होतात. थेट फोटॉन पाठवणाऱ्याला निरोपाची वाट पाहावी लागत नाही, तो सेकंदाला १०० कोटी फोटॉन सोडू शकतो. त्यामुळे २०० किमीवर थेट पाठवणाऱ्याला सेकंदाला एक लाख फोटॉन मिळतात आणि स्मृतीवाल्याला जेमतेम १३ जोड्या. ४०० किमीवर दोघेही सेकंदाला दहाच्या आसपास येतात. ८०० किमीवर थेट पाठवणाऱ्याला एका फोटॉनसाठी सुमारे ११६ दिवस थांबावे लागते, तर स्मृतीवाल्याला सेकंदाला सात जोड्या मिळतच राहतात.

म्हणजे जवळच्या अंतरासाठी स्मृतीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट यातून निघते. २७१ प्रयत्न गुणिले अर्धा मिलिसेकंद म्हणजे सुमारे ०.१४ सेकंद, फोटॉनला किती वेळ सांभाळायचे त्याचा साधारण अंदाज हा आहे. इथे तासांची आणि दिवसांची गरज दिसत नाही.

---

प्रभाकिरण

गणिती, माझ्या लेखात जे राहून गेले होते ते तुम्ही पूर्ण केलेत. ०.१४ सेकंद हा आकडा लक्षात ठेवावा, कारण त्याच्या अगदी जवळ पोहोचलेला एक प्रयोग आहे. चीनमधील हफे येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गटाने २०१६ साली थंड रुबिडियमचे अणू प्रकाशाच्या जाळीत अडकवून ०.२२ सेकंदांचा साठवणकाळ आणि ७६ टक्के कार्यक्षमता एकाच उपकरणात मिळवली. या क्षेत्रात या दोन गोष्टी एकत्र मिळणे फार दुर्मिळ आहे. कोणी फक्त काळ सांगितला तर कार्यक्षमता विचारावी, आणि कार्यक्षमता सांगितली तर काळ विचारावा.

कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर असणे विशेष महत्त्वाचे मानतात. निम्म्याहून अधिक प्रकाश वाटेत हरवत असेल, तर तत्त्वतः आपल्यापेक्षा चांगली प्रत दुसऱ्या कोणाच्या हाती असू शकते. निम्म्याच्या वर गेल्यावर आपली प्रत सर्वांत चांगली आहे, याची खात्री नक्कल न होण्याचा नियमच देतो.

---

स्फटिक

मी युरोपात विरळा-मृदा (रेअर अर्थ) मूलद्रव्यांच्या स्फटिकांवर काम करतो. धाग्यात आतापर्यंत फक्त बाष्पाचाच विचार झाला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. गणिती यांनी दाखवलेल्या अडचणीवर, म्हणजे सेकंदाला जेमतेम २,००० प्रयत्न होतात या अडचणीवर, माझ्या मते खरे उत्तर याच बाजूला आहे.

यिट्रियम सिलिकेटच्या पारदर्शक स्फटिकात थोडे युरोपियम किंवा प्रॅसिओडिमियम मिसळलेले असते. स्फटिकातला प्रत्येक आयन किंचित वेगळ्या परिसरात बसलेला असल्यामुळे प्रत्येकाची वारंवारता थोडी वेगळी असते आणि सगळ्यांचा मिळून एक रुंद पट्टा तयार होतो. लेझरने या पट्ट्यातले नको ते आयन दुसऱ्या पातळीवर हलवून उरलेल्यांचा एक कंगवा कोरतात, ज्याचे दाते समान अंतरावर असतात. फोटॉन शोषला गेला की वेगवेगळ्या दात्यांचे आयन आपापल्या गतीने फिरू लागतात आणि त्यांची लय विस्कटते; पण दाते समान अंतरावर असल्यामुळे ठरावीक काळाने सगळे पुन्हा एका लयीत येतात आणि फोटॉन बाहेर पडतो. दात्यांमधील अंतर १ मेगाहर्ट्झ असेल तर हा काळ बरोबर १ मायक्रोसेकंद. वारीत रिंगणात धावणाऱ्यांची कल्पना करा. एक जण ठरावीक वेळात एक फेरी मारतो, दुसरा दोन, तिसरा तीन. मधल्या काळात सगळे विखुरलेले दिसतात आणि तेवढा वेळ संपताच सगळे पताकेपाशी एकत्र येतात. हवे तेव्हा बाहेर काढायचे असेल तर विखुरलेले असतानाच एका नियंत्रक स्पंदाने ती अवस्था तळच्या पातळ्यांमध्ये उतरवायची आणि दुसऱ्या स्पंदाने परत वर आणायची. ही कल्पना जिनिव्हाच्या गटाने पुढे आणली. २००८ साली तिचा प्रयोग झाला आणि २००९ साली तिची पूर्ण मांडणी आली.

तिचा मोठा लाभ असा की एकामागून एक आलेले अनेक फोटॉन एकाच स्फटिकात आपापल्या कालकप्प्यात बसतात आणि त्याच क्रमाने बाहेर येतात. एका निरोपाच्या प्रतीक्षेत एकाऐवजी शंभर प्रयत्न करता आले तर गणिती यांचे सेकंदाला २,००० प्रयत्न दोन लाखांवर जातात. दुसरीकडे किंमतही मोजावी लागते: स्फटिक ३ ते ४ केल्विन तापमानाला ठेवावा लागतो, आणि एकेका फोटॉनसाठी हवे तेव्हा बाहेर काढण्याची कार्यक्षमता थंड अणूंच्या मानाने अजून मागे आहे.

वृत्तपत्रांतून ‘प्रकाश एक तास साठवला’ असे वाचलेल्यांसाठी एक खुलासा करतो. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या गटाने २०१५ साली युरोपियमच्या केंद्रकीय फिरकीची (अणुकेंद्राच्या स्पिनची) सुसंगतता, म्हणजे तिची लय, सहा तास टिकते हे दाखवले. त्यानंतर २०२१ साली हफेच्या गटाने चुंबकीय क्षेत्र अशा नेमक्या मूल्यावर आणून ठेवले की त्यातल्या बारीक चढउतारांचा पातळ्यांवर परिणामच होऊ नये, आणि युरोपियमच्या स्फटिकात प्रकाश एक तास ठेवून परत मिळवला. हे काम असामान्य आहे, पण साठवलेले स्पंद तेजस्वी होते, एकेकटे फोटॉन नव्हते. तासाभराने परत येणारा अंश अतिशय लहान असतो; एकट्या फोटॉनच्या बाबतीत तो गोंगाटात बुडून गेला असता. मात्र एक तास टिकणारा स्फटिक गाडीत घालून दुसऱ्या गावी नेता येईल, ही त्या संशोधकांनी मांडलेली शक्यता मला मोलाची वाटते.

---

रेवा

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. धागा वाचताना एका ठिकाणी मी अडखळले. प्रभाकिरण सर, आपण म्हणता की नाव-गाव विचारायचे नाही. पण अणूने फोटॉन शोषला म्हणजे त्या अणूची पातळी बदलली, मग तो अणू म्हणजे झालेल्या घटनेचा साक्षीदारच नाही का? कोणता अणू बदलला हे पाहता येत असेल तर मोजणी झालीच असे मानावे लागेल.

---

प्रभाकिरण

रेवा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत खोल प्रश्न आहे.

नळीत अब्जावधी अणू असतात आणि फोटॉन त्यांपैकी कोणत्याही एका अणूने घेतलेला नसतो. ‘पहिल्याने घेतला’, ‘दुसऱ्याने घेतला’, ‘तिसऱ्याने घेतला’ अशा सगळ्या शक्यतांची बेरीज म्हणजे साठवलेली अवस्था होय, आणि त्या बेरजेतल्या प्रत्येक पदाची कला फोटॉनच्या लाटेने ठरवून दिलेली असते. साक्ष कोणा एकाकडे नाही. बाहेर काढताना या सर्व पदांच्या लहरी एकाच दिशेला परस्परांना बळ देतात आणि बाकीच्या दिशांना खोडून काढतात. फोटॉन चहूकडे न विखुरता ठरलेल्या वाटेने निघतो तो यामुळेच. एकटा अणू असता तर त्याला अशी दिशा ठाऊक नसती.

कोणता अणू बदलला हे बाहेरच्या जगाला कळण्याजोगे काही घडले, तर मात्र तुमची शंका खरी ठरते. अणू भिंतीवर आपटला, किरणाबाहेर निघून गेला किंवा भोवतालच्या चुंबकीय क्षेत्राने काही अणूंची कला इतरांपेक्षा वेगळी फिरवली, की बेरीज ढळते. तापलेल्या बाष्पातला अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने जातो, म्हणजे दोन मिलिमीटरचा किरण तो ७ मायक्रोसेकंदांत ओलांडतो. म्हणून नळीत निऑनसारखा वायू भरतात, ज्याच्या धडका खात अणू जागच्या जागी रेंगाळतो, किंवा भिंतींना पॅराफिनचा लेप देतात.

चुंबकीय क्षेत्राबद्दल मला स्वतःला आलेला अनुभव सांगतो. आमच्या मेजावर दुसऱ्या उंचवट्याची उंची दर वेळी वेगळी येत होती आणि तीन आठवडे कारण सापडत नव्हते. लेझर तपासले, तापमान तपासले, आरसे पुन्हा जुळवले. अखेर एका सहकाऱ्याने प्रत्येक मोजणीसमोर तिची नेमकी वेळ मांडून आलेख काढला, आणि उंची २० मिलिसेकंदांच्या ठेक्यात वरखाली होताना दिसली. ५० हर्ट्झची घरगुती वीज! मेजाखाली वीजपुरवठ्याचा एक जुना डबा होता आणि म्यू-मेटलच्या कवचाचे एका टोकाचे झाकण आम्ही जुळवणीसाठी काढून ठेवले होते. रुबिडियमच्या उपपातळ्या एका गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) ०.७ मेगाहर्ट्झ सरकतात, म्हणजे गॉसचा हजारावा भागही २०० मायक्रोसेकंदांत कला बिघडवायला पुरतो. डबा भिंतीपाशी नेला, झाकण बसवले आणि प्रत्येक प्रयोग विजेच्या लाटेच्या त्याच बिंदूवर सुरू होईल अशी जोडणी केली. त्यानंतर उंचवटा स्थिर झाला.

---

तारायंत्र

७९५ नॅनोमीटरचा प्रकाश आमच्या फायबरमध्ये चालणार नाही, हे कोणी लिहिलेले दिसत नाही. त्या तरंगलांबीला किलोमीटरला तीन डेसिबलच्या घरात घट धरावी लागेल, म्हणजे दर किलोमीटरला निम्मा प्रकाश गेला. स्मृती कितीही चांगली असली तरी ती लाइनला जोडणार कशी?

---

स्फटिक

तारायंत्र साहेब, बरोबर पकडलेत. यावर तीन मार्ग आहेत. पहिला, स्मृतीतून आलेल्या फोटॉनची तरंगलांबी अरेषीय स्फटिकात बदलणे. हफेच्या गटाने २०२० साली असेच रूपांतर करून दोन अणुसमूहांची गुंफण शहरात अंथरलेल्या २२ किमी फायबरमधून केली आणि रिळावरच्या ५० किमी फायबरमधूनही केली. मात्र दोन्ही स्मृती तेव्हा एकाच प्रयोगशाळेत होत्या. दुसरा मार्ग, ज्यांतला एक फोटॉन स्मृतीच्या आणि दुसरा दूरसंचाराच्या तरंगलांबीचा असेल अशा जोड्या निर्माण करणे. बार्सिलोनाजवळच्या इक्फो संस्थेने २०२१ साली प्रॅसिओडिमियमच्या दोन स्फटिकांची गुंफण अशा रीतीने केली. तिसरा मार्ग म्हणजे खुद्द एर्बियम, जे आपल्या वर्धकात होते तेच. त्याची रेषा १.५ मायक्रोमीटरच्या आसपास असल्यामुळे ते थेट लाइनशी बोलू शकते, पण त्याची फिरकी लवकर ढळते आणि तिला आवरायला तीव्र चुंबकीय क्षेत्र लागते.

---

गणिती

वाट पाहण्याचा लाभ कोणी प्रत्यक्ष मोजून दाखवला आहे का, हे शोधताना हार्वर्डचा २०२० सालचा प्रयोग सापडला. हिऱ्यातील सिलिकॉनचा एक दोष स्मृती म्हणून वापरून, वेगवेगळ्या वेळी आलेल्या दोन फोटॉनांची एकत्र मोजणी त्यांनी केली, आणि लांब फायबरएवढी घट प्रयोगशाळेत उभी करून, तेवढ्याच घटीत थेट पाठवण्यापेक्षा स्मृतीने अधिक किल्ल्या मिळतात हे दाखवले. २०२४ साली त्याच विद्यापीठाच्या गटाने बोस्टन परिसरातल्या ३५ किमी फायबरच्या फेऱ्यातून अशा दोन स्मृतींची गुंफण केली, आणि हफेच्या गटाने त्याच वर्षी शहरातल्या तीन केंद्रांचे जाळे दाखवले.

दुसऱ्या बाजूचीही नोंद करायला हवी. २०१८ साली मांडलेल्या ‘ट्विन-फील्ड’ या पद्धतीत दोन्ही टोकांकडून आलेला प्रकाश मध्यावर भेटतो, आणि तिने २०२३ साली स्मृतीविनाच सुमारे १००० किमी फायबरवर किल्ली निर्माण केली. त्यामुळे हवी ती फक्त किल्ली असेल तर स्मृतीची निकड आपल्याला वाटत होती त्यापेक्षा कमी आहे.

---

प्रभाकिरण

गणिती यांची शेवटची नोंद मला पूर्णपणे मान्य आहे. ट्विन-फील्डने किल्ली मिळते, पण दोन टोकांत साठवून ठेवलेली गुंफण मिळत नाही. दूरच्या दोन क्वांटम संगणकांना जोडायचे असेल किंवा दूरच्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणायचा असेल, तर गुंफणच हवी आणि तिला उतरायला जागा हवी.

आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनच्या उद्दिष्टांत २,००० किमीच्या आंतरशहर किल्लीवाटपाबरोबरच क्वांटम स्मृती असलेल्या अनेक केंद्रांच्या जाळ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. संदेशवहनाचे केंद्र आयआयटी मद्रासकडे आहे आणि संवेदनाचे आयआयटी मुंबईकडे. संवेदनाच्या कामात लागणाऱ्या बाष्पाच्या नळ्या, म्यू-मेटलची कवचे आणि स्थिर लेझर हेच स्मृतीच्या मेजावरही लागतात, म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दोन वाटा वेगळ्या समजू नयेत.

---

रेवा

सर, एक शेवटची शंका. परत आलेला फोटॉन खरोखर त्याच अवस्थेत आहे हे ठरवायचे कसे? मोजला की अवस्था मोडते, आणि न मोजता खात्री होत नाही.

---

प्रभाकिरण

एका फोटॉनवरून ते ठरवता येत नाही, म्हणून आपण स्वतः जाणून असलेल्या अवस्था पुन्हा पुन्हा पाठवतो. ध्रुवीकरणाचे, म्हणजे प्रकाशलहर कोणत्या दिशेत कंप पावते त्याचे, उदाहरण घ्या : आडवे व उभे, दोन तिरपे, आणि डावे व उजवे वर्तुळाकार, अशा तीन जोड्यांतल्या सहा अवस्था हजारो वेळा साठवायच्या, बाहेर काढायच्या आणि प्रत्येक वेळी तिच्याच जोडीत मोजायच्या. समजा स्मृतीच्या जागी एखाद्या माणसाने फोटॉन मोजून, निकाल वहीत लिहून, नंतर तसाच नवा फोटॉन सोडला, तर कोणती जोडी वापरली आहे हे त्याला ठाऊक नसल्यामुळे त्याची सरासरी जुळणी दोन-तृतीयांशाच्या वर जाऊच शकत नाही. तुमची जुळणी त्या रेषेच्या वर निश्चितपणे गेली, तर आत कोणी वही उघडलेली नाही. ग्वांगझूच्या दक्षिण चायना नॉर्मल विद्यापीठातील गटाने २०१९ साली एकट्या फोटॉनांसाठी ९९ टक्क्यांहून अधिक जुळणी आणि ८५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता दाखवली. याहून कडक कसोटी म्हणजे गुंफलेल्या जोडीतला एकच फोटॉन साठवायचा, दुसरा बाहेर ठेवायचा आणि परत आल्यावर दोघांची गुंफण शाबूत आहे का ते तपासायचे. २०११ साली जिनिव्हा आणि कॅल्गरी येथील गटांनी स्फटिकांत हे केले.

प्रत्यक्ष मेजावर बसाल तेव्हा यातली खरी मेहनत गोंगाट मोजण्यात जाते. एक मिलिवॉटचा नियंत्रक एक मायक्रोसेकंद लावला तर त्यात सुमारे ४०० कोटी फोटॉन असतात, आणि त्यांतून वेगळ्या काढायच्या तुमच्या एका फोटॉनची वारंवारता त्यांच्यापेक्षा फक्त लाखात दोन भाग निराळी असते. म्हणून पहिले मापन नेहमी रिकाम्या स्मृतीचे करावे. संकेत न पाठवता नियंत्रक लावायचा, मालवायचा, पुन्हा लावायचा आणि शोधकावर किती टिचक्या (फोटॉन आल्याच्या नोंदी) येतात ते मोजायचे. तो आकडा शंभर फेऱ्यांत एकाच्या खाली आला, की मगच संकेताची झडप उघडावी.